प्रवराकाठची चार हजार वर्षे

मानवाच्या पहिल्या मोठ्या संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या, हे वाक्य शाळेच्या इतिहासात आपण सर्वांनीच पाठ केलेले आहे. नाईल, युफ्रेटिस आणि टायग्रिस, सिंधू, चीनमधील पीत नदी, अशी नावेही मुले धडाधड सांगतात. पण त्या नदीकाठीच का उदयास आल्या, असे विचारले की वर्गात शांतता पसरते. फार तर एखादा मुलगा सांगतो, "गुरुजी, तिथे पाणी होते म्हणून." उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. पाणी तर झऱ्याला असते, तळ्यालाही असते. मग नदीच का? आज हा प्रश्न आपण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या, प्रवरा नदीच्या काठावर बसून सोडवून पाहू.

प्रथम थोडे दूर जाऊन येऊ. इजिप्तमध्ये पाऊस जवळजवळ पडतच नाही. परंतु दूर दक्षिणेला इथिओपियाच्या डोंगरात पावसाळा झाला की नाईल फुगे, काठावरची शेते पाण्याखाली जात, आणि पूर ओसरला की मागे काळ्या गाळाचा थर राही. त्या मळईत शेतकरी बी फेकत असे. पूर कमी आला तर उपासमार, आणि जास्त आला तर गावे वाहून जात. म्हणून तिथल्या राज्यकर्त्यांनी नदीकाठी दगडी पायऱ्यांवर खुणा करून पाण्याची उंची मोजण्याची सोय केली. पाणी कुठल्या खुणेपर्यंत चढले त्यावरून त्या साली पीक किती येईल आणि सारा किती घ्यायचा याचा अंदाज बांधत. मोजणी, हिशेब, पंचांग आणि कारकून ही सगळी मंडळी अशी नदीच्या मागोमाग आली.

आजच्या इराकमधील युफ्रेटिस आणि टायग्रिस या नद्यांची तऱ्हा वेगळी. त्यांचा पूर येई बर्फ वितळल्यावर, वसंत ऋतूत, म्हणजे नेमका पीक शेतात उभे असताना. तिथे बांध घालणे आणि पाट काढणे भागच होते, आणि ते काम एकट्या कुटुंबाचे नव्हे. इ. स. पूर्व १७५० च्या सुमारास बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कोरून घेतलेल्या कायद्यात याबद्दलची कलमे आहेत. एखाद्याने आपला बांध आळसाने दुरुस्त केला नाही आणि तो फुटून दुसऱ्याची शेते बुडाली, तर त्याने धान्य भरून द्यावे. पाट उघडून बेफिकिरीने शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडले, तरीही भरपाई द्यावी. चारीवरची आपली भांडणे किती जुनी आहेत, बघा!

आता उत्तर जरा उलगडते. नदी पाणी देते, गाळ देते, नावेला वाट देते. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ती अनेक गावांना एकमेकांशी बांधून टाकते. वरच्याने काय केले ते खालच्याला भोगावे लागते. मग ठरवावे लागते की पाणी कोणी किती घ्यायचे, बांध कोणी घालायचा, धान्य कुठे साठवायचे आणि तंटा कोणी मिटवायचा. या ठरवण्यातूनच राज्य, कायदा आणि नगर उभे राहिले.

आता आपल्या घरी येऊ. प्रवरा अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिथे घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस कोसळतो. तिथून पूर्वेला उतरत ती अकोले, संगमनेर, कोल्हार, बेलापूर अशी गावे घेत नेवाशाला येते. वाटेत संगमनेरजवळ म्हाळुंगी, पुढे राहुरीकडून येणारी मुळा तिला मिळते, आणि शेवटी टोक्याला, प्रवरासंगमावर, ती गोदावरीत जाते. सारा प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरचा. पण नेवासे-शेवगावच्या बाजूला पाऊस उरतो पाचशे-सहाशे मिलिमीटरच, आणि तोही बेभरवशाचा. थोडक्यात सांगायचे तर, एका टोकाला पाण्याचा पूर आणि दुसऱ्या टोकाला आभाळाकडे लागलेले डोळे, आणि या दोन टोकांना जोडणारा एकच धागा, तो म्हणजे ही नदी. जिल्ह्याचा पुष्कळसा इतिहास या एका गोष्टीत आहे.

या काठावर माणूस फार पूर्वीपासून राहतो. नेवाशाजवळ नदीच्या वाळू-गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे सापडली आहेत. ती लाखाहून अधिक वर्षांपूर्वीची आहेत. मात्र शेती करून, घरे बांधून गाव वसवणारा माणूस इथे आला तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वी. ही माहिती गेल्या पाऊणशे वर्षांतच उजेडात आली. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. तिथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रेघांची नक्षी असलेली, खणखणीत भाजलेली मडकी आणि तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी तिथे निघाल्या. पुढे तशीच मडकी महाराष्ट्रात कितीतरी ठिकाणी सापडली, तेव्हा त्या साऱ्या संस्कृतीलाच जोर्वे संस्कृती असे नाव पडले. आपल्या जिल्ह्यातल्या एका लहानशा गावाचे नाव असे जगभरच्या पुराणवस्तूंच्या ग्रंथांत गेले आहे. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात झाले.

सगळ्यांत मोठे ठिकाण म्हणजे श्रीरामपूरच्या परिसरातले दायमाबाद. प्रवरेच्या डाव्या तीरावरचे हे टेकाड १९५८ मध्ये भा. पु. बोपर्डीकर यांच्या नजरेस आले. त्यानंतर पुरातत्त्व खात्याने तिथे १९७९ पर्यंत टप्प्याटप्प्याने खोदकाम केले. एकाखाली एक असे पाच वस्त्यांचे थर तिथे निघाले. त्यांतला एक थर उत्तर-हडप्पा काळचा आहे. त्यात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा आणि खापराचे तुकडे मिळाले. सिंधूच्या नगरांशी नाते असलेली माणसे एवढ्या दक्षिणेला प्रवराकाठी नांदत होती, ही मोठीच गोष्ट झाली.

१९७४ साली याच गावात एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना चार जड वस्तू लागल्या. माती झटकली तेव्हा दिसले, दोन बैल जोडलेला रथ आणि त्यात उभा असलेला माणूस, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. सगळ्या ओतीव धातूच्या. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक. रथाची लांबी ४५ सेंटिमीटर. बहुतेक अभ्यासक त्या इ. स. पूर्व २००० च्या सुमाराच्या मानतात, काहींनी त्यांच्या काळाविषयी शंकाही घेतली आहे. कसेही असले तरी गेंडा आणि हत्ती घडवणाऱ्या कारागिराने ते प्राणी कुठे तरी पाहिले असणार, आणि एवढा धातू वितळवून ओतण्याची ऐपत आणि कसब या लोकांच्या हाताशी होते, हे त्यावरून कळते.

ही माणसे नदीला चिकटूनच का राहिली? आपल्या भागातली काळी जमीन सुपीक खरी, पण पावसात चिकट आणि उन्हात दगडासारखी. लोखंडी फाळ त्या काळी नव्हता. दगडाची आणि तांब्याची हत्यारे घेऊन खोल काळीत शिरणे अवघड होते. म्हणून काठाकाठाने पसरलेल्या मऊ मळईच्या पट्ट्यातच त्यांची शेती चाले. जव, मसूर, वाटाणा, मूग, कुळीथ अशी त्यांची पिके. गाई-बैल, शेळ्या-मेंढ्या ते पाळत, आणि नदीतले मासेही खात. मूल दगावले तर दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात त्याला ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. नेवाशाला अशा एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, मणी ओवलेल्या दोऱ्यासह. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आईबापांची माया त्या माळेतून दिसते.

पाण्याची व्यवस्था ते कशी करत, याचा उत्तम पुरावा शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. आपल्या श्रीगोंद्याच्या शिवेला लागून वाहणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ अशी कितीतरी वर्षे तिथे उत्खनन चालले. पुराचे पाणी वळवून घेणारा मोठा पाट आणि त्याच्या कडेचा दगड-मातीचा बांध तिथे सापडला. बांध दोनशे मीटरहून लांब होता. गावच्या मुख्याचे वाटणारे पाच खोल्यांचे मोठे घर आणि त्याच्या शेजारी धान्याचे कोठार मिळाले. म्हणजे गावाने मिळून बांध घालायचा, धान्य एका जागी साठवायचे आणि त्यावर कोणी तरी देखरेख करायची, ही रीत तेव्हाच होती. हम्मुराबीच्या देशात राजाने जे दगडावर कोरले, तेच इथे लहान प्रमाणावर, लेखी कायद्यावाचून चालू होते.

मग इ. स. पूर्व १००० च्या सुमारास काय झाले? दायमाबाद ओस पडले. नेवासे आणि गोदा-प्रवरेच्या काठची इतर गावेही ओसाड झाली. इनामगाव आणखी तीनशे वर्षे टिकले, पण कसे? मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकारीवर भर वाढला. पाऊसमान कमी होत जाऊन नद्यांना पाणी राहिले नाही, हे त्याचे मुख्य कारण असावे असे पुष्कळ अभ्यासक मानतात. नदीच्या भरवशावर बसलेले गाव किती भक्कम दिसले, तरी नदी आटली की त्याचे काय होते, याचा हा आपल्याच मातीतला दाखला आहे.

पुढे लोखंडी फाळ आला आणि माणूस काळ्या जमिनीत शिरला. सातवाहनांच्या काळात गोदेकाठचे पैठण राजधानी झाले. नेवाशात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या उंच सुरयांचे तुकडे सापडले, म्हणजे इथला व्यापार समुद्रापार पोहोचला होता. याच नेवाशात, प्रवरेच्या काठी, १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. काठ पुन्हा गजबजला. पण नदीचे पाणी खोल पात्रातून वाहून जाई. काठावरच्या मोटेने फार तर एखादा मळा भिजे. बाकीचा मुलूख जिरायतच. १८७६-७८ आणि १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांनी या मुलखाला जे रडवले, ते जुन्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या सांगितले.

प्रवरेचे पाणी अडवायचे ठरले ते या दुष्काळांच्या मागोमाग. भंडारदऱ्याच्या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पुरे झाले. उंची सुमारे ८२ मीटर, साठा सुमारे ११ टीएमसी. (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर पाणी.) ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा आणि उजवा कालवा निघाला आणि अकोल्याचा पाऊस राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांत वाहू लागला. ऊस आला, साखर आली. बेलापूर रोड या रेल्वे स्टेशनाभोवती श्रीरामपूरची बाजारपेठ वाढली. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या साहाय्याने, शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना उभारला. त्याचा पहिला गाळप हंगाम १९५०-५१ चा. पाठोपाठ कारखाने, पतपेढ्या, शाळा, दवाखाने निघाले. राहुरीला १९६८ मध्ये महात्मा फुले कृषी विद्यापीठ आले आणि मुळा नदीवर धरण झाले. चार हजार वर्षांपूर्वी काठाच्या पट्ट्यात अडकलेली वस्ती आता कालव्याच्या मागे मैलोगणती पसरली.

या सुखाची किंमतही नदीने वसूल केली. पहिली किंमत दिली ती उगमाकडच्या लोकांनी. धरणाखाली जमिनी गेल्या त्या अकोल्यातल्या महादेव कोळी, ठाकर अशा डोंगरी कुटुंबांच्या. जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस ज्यांच्या कौलांवर पडतो, त्यांतल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. दुसऱ्या टोकाला पैठणच्या जायकवाडी धरणासाठी शेवगाव-नेवाशाकडची कित्येक गावे उठली. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी पाया घातलेल्या या धरणाचे उद्घाटन १९७६ मध्ये झाले.

दुसरी किंमत जमिनीने दिली. इराकच्या त्या जुन्या देशात, सुमेरमध्ये, पाटाचे पाणी शतकानुशतके देत राहिल्याने जमिनीतले क्षार वर आले. आधी गहू नाहीसा झाला, मग क्षार सोसणारे जवाचे पीकही घटले, आणि नगरे दुबळी झाली. कालव्याखालच्या आपल्या काळ्या जमिनीतही हेच घडते. उसाला भारंभार पाणी दिले, निचरा झाला नाही, की जमिनीखालचे पाणी वर चढते. उन्हाने ते उडून जाते आणि मीठ वर राहते. पांढरा थर दिसू लागला की समजावे, रान खारवट होऊ लागले. पुढची पायरी चोपण जमिनीची. सुमेरच्या शेतकऱ्याला उपाय ठाऊक नव्हता. आपल्याला आहे. निचऱ्याचे चर काढावेत, माती तपासून चोपणात जिप्सम टाकावे, ताग-धैंचा गाडावा, आणि मुख्य म्हणजे पाणी मोजून, शक्य तर ठिबकने द्यावे. पण चर शेजाऱ्याच्या बांधाखालून न्यावा लागतो. म्हणजे हेही एकट्याचे काम नाही.

तिसरा प्रश्न वाटणीचा, आणि तो आज सर्वांत धगधगता आहे. जायकवाडीच्या खाली मराठवाडा आहे. वर अहिल्यानगर आणि नाशिक आहेत. पाऊस चांगला झाला तर कोणी कोणाला विचारत नाही. पण दुष्काळी साली वरची धरणे भरतात आणि पैठणचा नाथसागर रिकामा राहतो. महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सर्वांनी तूट वाटून घ्यावी, असे त्याचे तत्त्व आहे. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासानंतर २०१४ च्या आदेशाने ठरले की १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल, तर वरून पाणी सोडावे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. त्यानुसार २०२३ च्या दुष्काळी सालात सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. इकडे मोर्चे निघाले, तिकडेही निघाले.

दोन्ही बाजू ऐकण्यासारख्या आहेत. प्रवराकाठचा शेतकरी म्हणतो, "आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचे हे पाणी, त्यावर आम्ही फळबागा उभ्या केल्या. शिवाय कोरड्या पात्रातून सोडलेले पाणी वाटेतच मुरते, त्याचे काय?" पैठणकडचा म्हणतो, "नदी तुमच्या गावात संपत नाही. तुम्ही उसाला आवर्तन घेता, आम्हाला प्यायला नाही." हा तंटा आपलाच आहे असे मात्र समजू नका. इथिओपियाने २०११ मध्ये नाईलच्या मुख्य शाखेवर मोठे धरण बांधायला घेतले, तेव्हापासून इजिप्त आणि इथिओपिया यांच्यात नेमका हाच वाद आहे. आणि आपल्याच प्रवरेच्या खोऱ्यात निळवंड्याच्या पाण्याचा विचार १९७० मध्ये झाला. त्याच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण व्हायला २०२३ साल उजाडले. धरणाच्या कुशीतली जिरायती गावे त्रेपन्न वर्षे वाट पाहत होती. तेव्हा वरचा आणि खालचा हे नाते दोन जिल्ह्यांतच आहे असे नाही. ते एकाच तालुक्यात, एकाच चारीच्या तोंडाशी आणि शेपटाशीही आहे.

ज्यांना मोठी नदीच नाही त्यांनी काय करावे? नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने याचे उत्तर दिले. डोंगरउतारावर चर खणले, झाडे लावली, ओढ्यांवर बांध घातले. पण तेवढ्यावर गाव थांबले नाही. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, जास्त पाणी पिणारी पिके घ्यायची नाहीत, असे ग्रामसभेत ठरवले. दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी माणसांचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढायचे, उरेल त्यावर पिके ठरवायची, अशी रीत बसवली. इजिप्तच्या दगडी पायऱ्यांवर जी मोजणी होत होती, तीच इथे पर्जन्यमापकावर होते. फरक एवढाच की तिथे हिशेब राजाच्या साऱ्यासाठी होता आणि इथे तो गावाने स्वतःसाठी ठेवला आहे.

शिक्षक मित्रांना शेवटी एक सुचवावेसे वाटते. नद्यांचा धडा शिकवताना नकाशावरच्या नाईलआधी मुलांना आपल्या गावचे पाणी शोधायला सांगा. ते कुठून येते, आपल्या वर कोणते गाव आहे, आपले सांडपाणी खाली कोणाकडे जाते, याचा तक्ता वर्गात लावा. आणि शिवारात पांढरीचे जुने टेकाड असेल तर मुलांना ते लांबून दाखवा. पांढरी माती खत म्हणून शेतात नेण्याची आपली चाल जुनी आहे, पण तिच्याबरोबर गावाचा इतिहासही गाडीत भरून जातो. काही सापडलेच तर तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत कळवावे. दायमाबादचा रथ जगाला दिसला तो अशीच वस्तू जपली गेली म्हणून.

चार हजार वर्षांत प्रवरेने आपल्या काठी गावे वसताना पाहिली आणि उठतानाही पाहिली. पाऊस किती पडावा हे आपल्या हाती नाही. पडलेला मोजावा कसा, वापरावा किती आणि खालच्या गावासाठी ठेवावा किती, एवढे मात्र आपल्या हाती आहे. येत्या ग्रामसभेत या तीन गोष्टींवर बोलणे निघाले, तर आजचे हे भाषण सत्कारणी लागले असे म्हणता येईल.